हाताला लागलेला माणूस

लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती. दुर्गप्पा धोत्रेनं अक्षता टाकायला मूठ उघडली, तर मूठ रिकामी. तांदूळ केव्हाच बोटांच्या फटींतून सांडले होते आणि त्याला ते कळलंच नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं, अंबिकानं, त्याच्या पायाशी पडलेला पिवळा सडा पाहिला. तिनं आपल्या ओंजळीतल्या निम्म्या अक्षता त्याच्या तळहातावर ठेवल्या. ठेवल्या हे त्याला कळलं, कारण तो बघत होता.

दुर्गप्पा सोलापूरकडचा वडार. बापानं डोंगराचा दगड फोडला, यानं शहरांतलं काँक्रीट. अंगात ताकद आली तेव्हापासून हातात ब्रेकर धरलेला. हवेच्या दाबावर चालणारं ते धूड दिवसभर दोन्ही मुठींत थरथरायचं आणि संध्याकाळी बंद केलं तरी थरथर कोपरापर्यंत मागं राहायची. मग थंडीच्या दिवसांत बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, खडूसारखी. नंतर मुंग्या. नंतर मुंग्याही गेल्या. अशा कामात बोटांच्या टोकांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि संवेदनेचे तंतू झिजून जातात आणि पुन्हा उगवत नाहीत, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं, पण फार उशिरा. शर्टाची बटणं तो आरशात बघून लावायचा. मुलगी सासरी जाताना गळ्यात पडून रडली, तेव्हा तिच्या पाठीवर फिरणारा आपला हात त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

त्याच सुमाराला कोळसरीचं काम निघालं.

कोळसरीचं औष्णिक वीज केंद्र विदर्भाच्या एका टोकाला होतं. सूर्यावरची वीज स्वस्त झाली आणि साठवताही येऊ लागली, तशी कोळशाची केंद्रं एकामागून एक बंद पडत गेली. आता ती पाडायची होती. धुराडी, पाणी थंड करणारे शीतक मनोरे, कोळशाचे बंकर, सगळं. अडचण अशी की त्या इमारती कशा बांधल्या होत्या हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. नकाशे होते, पण मधल्या काळात शंभर दुरुस्त्या झालेल्या. कुठं पोकळी, कुठं ताणलेली तार, कुठं आतून कुजलेली सळई, काही भरवसा नाही. क्ष-किरणांनी वरवरचं दिसायचं, पण हातभर जाडीपलीकडं यंत्रं आंधळी व्हायची.

म्हणून कंत्राटदार कंपनीनं नवा ब्रेकर आणला होता. तो कुणाच्या हातात नसायचा. साखळी-पट्ट्यांवर चालणारं यंत्र, त्याला लांब हात आणि हाताच्या टोकाला पोलादी छिन्नी. कामगार तिला चोच म्हणायचे. चोचीच्या मुळाशी बसवलेल्या स्फटिकांच्या चकत्या दाब, कंप आणि ऊब मोजायच्या. चालवणारा लांब, सुरक्षित केबिनमध्ये. आणि त्याच्या दंडात, कोपराच्या जरा वर, केसापेक्षा बारीक तारा घातलेल्या असायच्या, थेट हाताकडं जाणाऱ्या मज्जातंतूच्या कुशीत. चोचीला जे लागेल त्याचे बारीक विद्युतस्पंद त्या तारांतून जायचे. मेंदूला कळायचं नाही की हे दंडातून आलंय. त्याला वाटायचं, बोटांच्या टोकांना काहीतरी लागलं. घाव घालताना संवेदना आपोआप बंद व्हायची. दोन घावांच्या मधे चोच चाचपायची आणि माणसाला काँक्रीट हाताला लागायचं.

"तुमच्या बोटांची टोकं मेली आहेत, वरचा मज्जातंतू जिवंत आहे," यंत्राची प्रमुख अभियंता वैरागडे मॅडम त्याला म्हणाली. नागपूरकडची, तिशीतली, भरभर बोलणारी बाई. "ज्यांची बोटं चांगली आहेत, त्यांचा गोंधळ होतो, भाऊ. खऱ्या हाताचं वेगळं, चोचीचं वेगळं. तुमचा नाही होणार."

दंडात तारा बसवून झाल्यावर पहिल्या दिवशी केबिनमध्ये बसून त्यानं चोच एका भिंतीला टेकवली आणि लगेच मागं घेतली.

"काय झालं? चटका बसला का?" मॅडमनं विचारलं.

"न्हाई," दुर्गप्पा म्हणाला. मग त्यानं चोच पुन्हा टेकवली, हळू. भिंत खरबरीत होती. उन्हानं तापलेली होती.

कामगारांना राहायला केंद्राची जुनी वसाहत दिली होती. ती सगळ्यात शेवटी पाडायची होती. दुर्गप्पा आणि अंबिका तिथल्या एका क्वार्टरमध्ये राहत आणि शेजारच्या खोलीत अंबिकाचा धाकटा भाऊ तिम्मा. तिम्मा गॅस कटरवर होता. ब्रेकरनं काँक्रीट सोलून काढलं की उघड्या पडलेल्या सळया कापायचं काम त्याचं. आई लवकर गेल्यावर अंबिकानंच त्याला वाढवलेला. लग्न जमत नव्हतं, जमवायची त्याला घाईही नव्हती. दोन वेळा अक्काच्या हातचं जेवायचा आणि जेवताना दाजींची फिरकी घ्यायचा.

"अक्का, दाजी आज भिंतीला गोंजारत हुते बघ. म्या खालनं बघितलं. फोडायच्या आधी असा हात फिरवत हुते, जणू म्हस पान्हवायची हाय."

अंबिका हसली. मग तिनं नवऱ्याला विचारलं, "खरंच कळतंय का वो? कसं लागतंय?"

आणि दुर्गप्पा बोलू लागला. एरवी चार शब्दांचा माणूस. कोरडं काँक्रीट भाजक्या पापडासारखं लागतं, म्हणाला. पाणी मुरलेलं असेल तर आतून गार, जरा सुजल्यासारखं. सळई म्हणजे मनगटावरची शीर. पोकळी आली की बोटांना आधीच कळतं, पायरी चुकल्यावर पोटात होतं तसं. बोलता बोलता त्याचे डोळे चमकत होते. अंबिकाच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"आन् माझा हात कसा हुता, ते ध्यानात हाय का?" तिनं विचारलं.

तिम्मा खाली मान घालून जेवू लागला. दुर्गप्पानं आठवून बघितलं. हात दिसत होता, समोरच होता, पिठानं माखलेला. पण तो कसा लागायचा, हे काही केल्या आठवेना.

पुढं पुढं तो सुट्टीच्या दिवशीही केबिनकडं जाऊ लागला. यंत्राची साफसफाई आहे, म्हणायचा. खरं तर तो नुसता चोच टेकवून बसायचा. मनोऱ्याची सावलीतली बाजू, उन्हातली बाजू, बंकरची कोळशानं गुळगुळीत झालेली भिंत. घरी आला की त्याचे हात मांडीवर पडून असायचे, काढून ठेवलेल्या हातमोज्यांसारखे. तळहाताच्या खालच्या भागात, अंगठ्याच्या मुळाशी, थोडीशी जाणीव उरली होती. तिथं चहाचा पेला टेकवला की गरम लागायचं. एक दिवस तेही लागेना.

तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी टाचणीनं टोचून पाहिलं. "मेंदू रिकामी जागा ठेवत नाही," ते म्हणाले. "ज्या हातातून बातम्या येतात, त्याला तो जागा देतो. तुमच्या तळहाताची उरलेली जागा आता चोचीनं घेतली. काही महिने तारा बंद ठेवल्या तर थोडं परत येईलही. खात्री नाही. बघा, विचार करा."

दुर्गप्पानं मान डोलावली. विचार त्यानं केला नाही. घरी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

बंकरची इमारत पडली ती दुपारी. कुणाची चूक अशी सांगता आली नसती. वरच्या एका कप्प्यात वर्षानुवर्षांचा भिजलेला कोळसा थिजून बसला होता, त्याचं ओझं कुणालाच दिसलं नव्हतं. शेजारची तुळई मोकळी झाली आणि तो सगळा भार एका अंगाला सरकला. दुर्गप्पाचा ब्रेकर दुसऱ्या टोकाला होता. आवाज आला, मग काळा ढग उठला आणि केबिनची काच आंधळी झाली. खाली सळया कापणारी माणसं पळाली. मोजदाद झाली तेव्हा एक कमी होता.

तिम्माचा वॉकीटॉकी उत्तर देत नव्हता.

क्रेन लावली असती तर उरलेला ढीग घसरला असता. कॅमेऱ्याला धुळीत काही दिसेना. उष्णता टिपणारी यंत्रंही उपयोगाची नव्हती, कारण ढिगातला कोळसाच जागोजाग तापला होता. वैरागडे मॅडम धावत केबिनमध्ये आली. "भाऊ, चोच घालून बघता येईल? घाव नाही, फक्त चाचपायचं."

दुर्गप्पानं लांब हात ढिगाच्या एका फटीत घातला. वाळू. काँक्रीटचा तुकडा. सळई, वाकलेली. पुन्हा काँक्रीट. रबराची नळी लागली, कटरची. तो नळी धरून धरून पुढं गेला. जाडंभरडं कापड लागलं. आणि कापडाखाली असं काहीतरी लागलं, जे त्याच्या बोटांना फार वर्षांत लागलं नव्हतं.

मऊ होतं. ऊन होतं, पण तापलेल्या भिंतीसारखं नाही. आणि ते वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर आलं.

"सापडला," तो म्हणाला. "जिता हाय. पाठ हाय त्याची."

बाहेर आरडाओरडा झाला. बचाव पथक तोवर शहरातून पोचलं होतं. त्यांच्या प्रमुखाचा आवाज वॉकीटॉकीवर आला, जागा नक्की झाली, आता चोच काढून घ्या आणि डाव्या अंगाची तुळई फोडा, म्हणजे आम्हाला आत वाट होईल.

"व्हय," दुर्गप्पा म्हणाला.

त्याचा हात हलला नाही.

चोच काढली तर हे पुन्हा सापडायचं नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पाठ वर येत होती, खाली जात होती. मधेच एक बारीक हिसका, खोकल्यासारखा. बोटांखाली बरगड्यांची रांग कळत होती. माणसाची पाठ अशी लागते. तो विसरला होता. लेकीची पाठ अशी लागली असणार. अंबिकाची अशीच होती. वॉकीटॉकीवर पुन्हा तेच सांगणं आलं आणि त्यानं पुन्हा होकार दिला. मॅडम शेजारी उभी होती. तिला वाटलं, तो अंदाज घेतोय. शेवटी पथकानं वाट पाहणं सोडलं आणि पलीकडून हातांनी दगड उपसायला घेतले.

पाठ वर आली. खाली गेली. मग तिथंच राहिली.

ऊब तशीच होती. दुर्गप्पा आणखी थोडा वेळ थांबला, मग त्यानं चोच काढून घेतली, डावीकडं नेली आणि तुळई दोन घावांत फोडली.

तिम्माला गावी नेऊन माती दिली. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, आत यकृत फाटलं होतं, तिथल्या तिथं बाहेर काढला असता तरी वाचला नसता. हे वाक्य सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. अंबिका ऐकून घ्यायची. ती फारशी रडली नाही. परत कोळसरीला आल्यावर तिनं तिम्माची खोली झाडून काढली, दार लावून घेतलं आणि स्वयंपाकाला लागली. पीठ सवयीनं तिघांचं मळलं, मग एका गोळ्याकडं बघत बसली. दुर्गप्पाला काहीच होत नव्हतं. भूक लागत होती, झोप येत होती. केबिन बंद होती, चौकशी चालू होती. तो दिवसभर ओट्यावर बसून शीतक मनोऱ्याकडं बघायचा.

काही दिवसांनी वैरागडे मॅडम क्वार्टरवर आली. अंबिकानं चहा ठेवला आणि दाराशी बसली.

"दुर्गप्पाभाऊ, चोचीला जे जे लागतं ते यंत्रात साठवलं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे," मॅडम म्हणाली. तिची भरभर बोलण्याची सवय आज कुठं गेली होती. "नव्या माणसांना शिकवायला आपण तेच वापरतो. पण यंत्राला माणूस कसा लागतो हे आजवर माहीतच नव्हतं. त्याला वाळूचं पोतं आणि माणूस सारखाच. हे नोंदलेलं जर आपण सगळ्या यंत्रांना शिकवलं, तर पुढं कुठंही चोचीखाली जिवंत माणूस आला तर यंत्र स्वतःहून थांबेल. पण ते तिम्माभाऊंचं आहे. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

मॅडमनं चहाचा कप खाली ठेवला.

"आणखी एक. त्यात दिसतं की चोच बराच वेळ एकाच जागी होती. चौकशीत मी सांगितलंय, तुम्ही खात्री करून घेत होता."

दुर्गप्पानं मान वर केली. "खात्री पहिल्या श्वासालाच झाली हुती, मॅडम."

"मग?"

"हात निघंना." त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. "लई वर्सांनी माणूस लागला हाताला. निघंनाच."

अंबिका उठली आणि आत गेली. मॅडम थोडा वेळ थांबून निघून गेली.

त्यानंतर घरात दोघं वावरत होती, पण शब्द नव्हता. ताट पुढं यायचं. दुर्गप्पा जेवायचा. तिनं शिव्या दिल्या असत्या, ऊर बडवून घेतला असता, तर त्याला बरं वाटलं असतं की नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं. आपण काय केलं हे त्याला माहीत होतं. पण चहाच्या पेल्यासारखंच, ते गरम आहे हे नुसतं माहीत होतं.

एक दिवस सकाळी अंबिका लुगड्याचा पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली. "त्या बाईला सांगा, मला बी बघायचंय. काय लागलं ते."

"अंबू, ते बघायचं नसतंय. हातानं—"

"तेच म्हणतीय म्या. हातानं."

शिकाऊ माणसांच्या दंडात तारा घालत नसत. त्यांच्यासाठी कोपरापर्यंत येणारा एक बाही-मोजा होता. त्याच्या आतले ओलसर ठिपके कातडीवरूनच मज्जातंतूला स्पंद द्यायचे. जरा धूसर लागायचं, पण लागायचं. प्रशिक्षणाच्या खोलीत मॅडमनं स्वतः तो अंबिकाच्या हातावर चढवला.

"मधे नको वाटलं तर नुसता हात उचला," ती म्हणाली. "लगेच बंद करते."

अंबिकानं हात टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. दुर्गप्पा भिंतीला टेकून उभा राहिला. सुरुवातीला तिच्या कपाळावर नुसत्या आठ्या होत्या. वाळू असणार ही, त्यानं मनात म्हटलं. आता सळई. आता नळी. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला आणि तो समजला. तिची बोटं टेबलावर किंचित पसरली, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर पसरतात तशी. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. वेळ गेला. मॅडम खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

तिची बोटं थांबली, तेव्हा दुर्गप्पाला कळलं. तरी तिनं हात उचलला नाही. नोंद संपली, यंत्र बंद झालं, समोरचा दिवा विझला, तरी हात तिथंच होता. मॅडम पुढं आली, तर अंबिकानं डोळे न उघडताच मान हलवली. ऱ्हाऊ दे जरा.

बऱ्याच वेळानं तिनं मोजा काढला. आतला हात घामानं भिजला होता. तो पदराला पुसत ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "म्या बी काढला नसता."

एवढंच. मग मॅडमकडं वळली. "हलतंय तेवढं घ्या, बाई. यंत्राला शिकवा. थांबल्यावरचं घेऊ नगा. ते त्याचं त्याला."

मॅडमनं मान डोलावली. तिनं तिथंच, त्यांच्यासमोर, शेवटचा भाग कापून पुसून टाकला.

चौकशी संपली आणि दुर्गप्पा पुन्हा कामावर गेला. आता तो सुट्टीच्या दिवशी केबिनकडं फिरकत नसे. तारा मात्र त्यानं काढल्या नाहीत. कोळसरी सपाट झालं, वसाहतही पडली. त्यांचं राहतं क्वार्टर पाडलं तेव्हा चोच त्याच्याच हाती होती. स्वयंपाकघराची भिंत तेलकट, गुळगुळीत लागली.

पुढचं काम नागपुरात होतं, एका रिकाम्या केलेल्या सरकारी रुग्णालयाचं. एक दिवस सकाळी तळमजल्याच्या भिंतीआड चोच चाचपत असताना त्याचा हात एकदम मेला. भिंत नाही, वाळू नाही, काहीच नाही. यंत्र जागच्या जागी गोठलं होतं आणि पडद्यावर तांबडी पट्टी आली होती.

माणसं आत धावली. भिंतीआडच्या कोनाड्यात गोधडी पांघरून एक म्हातारी झोपली होती. सगळीकडं घोषणा केल्या होत्या, कुंपण घातलं होतं, तरी ती कुठून तरी आत शिरली होती. चोच गोधडीच्या काठाला टेकली होती, तिच्या खांद्यापासून वीतभरही लांब नव्हती; गोधडीतून आलेल्या श्वासाच्या हालचालीवरून, तिम्माच्या नोंदीवर शिकलेलं यंत्र थांबलं होतं. दुर्गप्पा केबिनमधून उतरून आत गेला, तेव्हा ती उठून बसली होती आणि झोपमोड केली म्हणून सगळ्यांना शिव्या घालत होती.

"आजी, कुटं लागलं का?" त्यानं वाकून विचारलं.

"लागतंय कशाला? हात तर लावून बघ मला!" म्हातारी कडाडली.

दुर्गप्पानं हात पुढं केला आणि तिला उठवलं. तिचं मनगट त्याच्या मुठीत होतं. तो बघत होता, म्हणून ते त्याला कळलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं अंबिकाला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "हाताला लागली का ती? चोचीतनं?"

"न्हाई. लागायच्या आधीच बंद झालं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.